तिला वेडी म्हणण्याआधी

(मीरा-भाईंदरमधल्या वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



‘हार्मोन्स आणि बाईचं मन’ या विषयावर बोलायला मला सांगितलं, तेव्हा माझ्या मनात जरा धास्तीच होती. आपल्या चळवळीने हा शब्द फार सांभाळून वापरलेला आहे, आणि त्याला कारण आहे. बाई कचेरीत जोरात बोलली की ‘आज तारीख दिसतेय’, घरात भांडली की ‘पाळी जायला आली, डोकं फिरलंय’. बाईचा राग शरीरावर ढकलला की रागाचं कारण शोधायचं काम उरत नाही. म्हणून आपण म्हणत आलो की बाईला तिच्या गर्भपिशवीवरून मोजू नका. ते बरोबरच होतं. पण त्या नादात शरीराकडे बघायचंच राहिलं, तर त्याची किंमतही बाईच देते. एका बाईची हकिगत सांगते.

भाईंदर पूर्वेला राहणारी, घरी इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवायचं काम करणारी ही बाई. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला. तिसरीही मुलगीच झाली. चार-पाच महिन्यांनी ती गप्प झाली. काम सुचेना, हातातला खडा हातातच राही. केस मुठीने गळायला लागले, अंगावर सूज, उन्हाळ्यातही गोधडी. सासू म्हणाली बाधा आहे. भगताकडे दोन वाऱ्या झाल्या. मग नवऱ्याने तिच्या भावाला निरोप धाडला, “तुमची बहीण वेडी आहे, घेऊन जा.” ती आमच्यापर्यंत आली ती माहेरी धाडण्याच्या भांडणात. मानसिक आजार म्हणून नाहीच.

तिची रक्ततपासणी केली. थायरॉइडची ग्रंथी फार कमी काम करत होती, आणि रक्तही कमी होतं. गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांत सूज उतरली, बोलणं आलं, काम परत सुरू झालं. रडणं मात्र पूर्ण थांबलं नाही, कारण नवऱ्याचा मारही थांबला नव्हता. गोळीने थायरॉइड ताळ्यावर येतं, नवरा येत नाही. त्याच्यासाठी आपल्याला वेगळी बैठक घ्यावी लागली.

आता हे शरीरात घडतं कसं? हार्मोन्स, म्हणजे संप्रेरकं, ही ग्रंथींनी थेट रक्तात सोडलेली रसायनं. रक्ताबरोबर ती मेंदूपर्यंतही जातात. झोप, भूक, उमेद, चिडचिड यांवर त्यांचा परिणाम होतो. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली की माणूसही मंदावतो: थकवा, उदासी, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, पाळीला जास्त रक्त जाणं. ती जोरात चालली की उलटं, छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, जीव घाबरा होणं. बायकांमध्ये हे विकार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींची ग्रंथी आधी जोरात चालते आणि मग मंदावते. सुरुवातीला ‘किती चिडते’ आणि नंतर ‘किती आळशी झाली’, असे दोन्ही शेरे त्याच बाईला मिळतात.

बाळंतपणाचं आणखी थोडं सांगायला हवं. वार पडल्यावर थोड्याच दिवसांत गरोदरपणातले वाढलेले हार्मोन्स झपाट्याने खाली येतात. पहिल्या आठवडाभरात कारण नसताना रडू येणं हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतं, आणि आपोआप जातं. ते दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, जगणं नको झालं, तर मात्र तो आजार आहे. आणि क्वचित, हजारात एखाद-दुसरीला, पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच झोप पार उडते, आवाज ऐकू येतात, बाळ आपलं नाही असं वाटतं. तिथे भगताची वारी सोडा, दुसऱ्या दिवसाची वाटही बघू नका. त्याच रात्री रुग्णालयात न्या. बाई आणि बाळ, दोघांच्या जिवाला धोका असतो.

इथे गोव्यातला एक अभ्यास सांगते. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात २७० गरोदर बायकांशी बोलून, बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा गाठलं. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या साधारण २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. कोणाला? गरिबी असलेल्या, नवऱ्याचा मार खाणाऱ्या, मुलगा हवा असताना मुलगी झालेल्या बायकांना अधिक. अनेकींचं मन तर गरोदरपणातच खचलेलं होतं. जरा विचार करा. हार्मोन्स सगळ्याच बाळंतिणींचे उतरतात, श्रीमंताघरचीचे आणि झोपडीतलीचेही. मग कोसळते कोण, हे बरंचसं तिच्या घरावर ठरतं. म्हणून मला ‘शरीर की परिस्थिती’ हा वादच पटत नाही. दोन्ही एकाच बाईच्या अंगावर येतात.

बीडचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, हे अर्थकारण आपण मांडलं. पुढच्या आयुष्याबद्दल कमी बोललो. पिशवीबरोबर स्त्रीबीजकोशही काढले तर हार्मोन्स एका दिवसात बंद होतात. जे पंचेचाळिशी-पन्नाशीत हळूहळू व्हायचं, ते तिशीत अचानक होतं. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, मन खचतं, हाडं ठिसूळ होतात. कोश ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. आपल्या काशीमिऱ्याच्या नाक्यावर मराठवाड्यातून आलेल्या बायका उभ्या असतात. त्यांतली एखादी ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ म्हणाली, तर पिशवी काढलीय का, कोश ठेवलेत का, हे विचारा. बऱ्याच जणींना ते सांगितलेलंच नसतं. कागद मागवून घ्यावा लागतो.

पाळीआधीच्या चिडचिडीसाठी मी एकच उपाय सांगते. घरात कालनिर्णय असतंच. सिलिंडरची तारीख लिहितो, दुधाचा खाडा लिहितो, तशी मन बिघडल्याची खूण करायची. दोन-तीन महिने केलं की कळतं, त्रास पाळीआधीच येतो की रोजचाच आहे. डॉक्टरही हेच विचारतात. आणि एक गंमत होते. काही जणींच्या खुणा पाळीआधी न दिसता नवऱ्याच्या पगाराच्या दिवशी, दारूच्या दिवशी दिसतात.

आता कायद्याचं. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, म्हणून ‘वेडी’ हा शब्द घरातल्या घरातसुद्धा धोक्याचा आहे. नुसता आजार असणं पुरेसं नाही, तो सोबत राहणंच अशक्य व्हावं इतका गंभीर असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा केसपेपर, रिपोर्ट, चिठ्ठ्या बाईच्याच पिशवीत राहू देत. सासरी ठेवायच्या तर झेरॉक्स ठेवा. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

डॉक्टरकडे तिच्यासोबत कुणीतरी जा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचा आग्रह धरा, पण रिपोर्ट चांगला आला म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हणू नका. रक्तात न दिसणारं नैराश्यही खरंच असतं आणि त्यालाही उपचार आहेत. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मघाशी एक चिठ्ठी आली: थायरॉइडची गोळी जन्मभर घ्यावी लागते का? अनेकींना लागते. बाळंतपणानंतरचा बिघाड असेल तर बऱ्याच जणींचा वर्षभरात ठीक होतो, म्हणून पुन्हा तपासायचं, पण आपल्या मनाने बंद करायची नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, चार तासांचं अंतर ठेवा. आता बाकीच्या चिठ्ठ्या द्या.