वॉर्सातला पाण्यात गेलेला सामना
१६ ऑक्टोबर २०१२ रोजी वॉर्सातील राष्ट्रीय स्टेडियमवर पोलंड-इंग्लंड विश्वचषक पात्रता सामना पावसाने अडवला. स्टेडियमला सरकते छप्पर होते. पण ते उघडेच राहिले आणि भर पावसात बंद करता येईना. इटालियन पंच जानलुका रोक्की यांनी मैदानावर चेंडू टाकून पाहिला. तो उसळेना, पाण्यातच थबकला. अशा वेळी निर्णय चेंडूच्या उसळीवर आणि घरंगळण्यावर होतो. खेळाडूंच्या पायांचा विचार करता ते योग्यच आहे. ताटकळलेल्या प्रेक्षकांपैकी एकदोघांनी तर मैदानात उतरून पाण्यावर घसरगुंडी केली. खरी ओढाताण झाली ती इंग्लंडहून आलेल्या चाहत्यांची. परतीचे विमान, मुक्काम, रजा, सारेच विस्कटले. सामना दुसऱ्या दिवशी खेळवला गेला आणि १-१ असा बरोबरीत सुटला.