कुठलं गाणं लावू? रेडिओ लॉलीपॉपची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज हेडफोनचीच गोष्ट आहे, पण हॉस्पिटलच्या खाटेपाशी टांगलेल्या.

गेल्या महिन्यात माझी मावशी ॲडमिट होती. आम्ही पाच जण आलटून पालटून तिच्याजवळ. डबा, थर्मास, चटई, सगळा संसारच. वॉचमन ओरडल्याशिवाय कुणी हलायचं नाही. तिसऱ्या संध्याकाळी मावशी म्हणाली, "तुम्ही सगळे इथे आहात रे, पण सगळे मोबाइलमध्ये आहात." लागलं मनाला.

ब्रिटनमध्ये एकेकाळी जवळ बसायलाच बंदी होती. १९५० च्या आसपास तिथल्या कित्येक हॉस्पिटलांत मुलाला दाखल केलं, की आईवडिलांना ठरावीक वेळीच भेटता यायचं. का, तर आई येऊन गेली की मूल रडतं! जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये अशाच एका दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. मूल गप्प झालं म्हणजे रुळलं असं नाही, हे त्यात दिसलं. १९५९ मध्ये प्लॅट समितीने भेटीवरची बंधनं काढा असं सांगितलं. सगळीकडे ते लगेच झालं नाही, हे काय सांगायला हवं?

आणि भेटीची वेळ वाढली तरी मुक्काम लांबला की संध्याकाळ खायला उठतेच. लंडनच्या दक्षिणेला कार्शल्टन इथे मुलांचं मोठं हॉस्पिटल होतं, क्वीन मेरीज. हॉस्पिटल रेडिओ ब्रिटनला नवा नव्हता. हौशी मंडळी नोकरी सांभाळून फुटबॉलची कॉमेंट्री करायची, रेकॉर्डी लावायची, आणि आवाज वायरीतून थेट खाटेपर्यंत जायचा. पण तो बहुतेक मोठ्यांसाठी. १९७८ मध्ये हेडली फिन आणि त्यांच्या साथीदारांनी खास मुलांसाठी रेडिओ लॉलीपॉप काढला. १९७९ मध्ये प्रसारण सुरू झालं.

खरी गंमत स्टुडिओबाहेर होती. थोडे जण माइकवर, बाकीचे वॉर्डात. मुलांशी खेळायचं, चित्रं काढायची, फर्माईश लिहून घ्यायची, जमलं तर मुलालाच माइकपुढे बसवायचं.

फर्माईश आपल्याला काही नवी नाही. झुमरीतलैयाची पोस्टकार्डं आपल्या आजीआजोबांनी रेडिओवर ऐकली आहेत. पण इथे फर्माईश घेणारा माणूस खाटेशी उभा. विचार करा, दिवसभर त्या मुलाला कुणी विचारत नाही. सुई टोचू का? सलाइन लावू का? उठवू का? सगळं होतच राहतं. संध्याकाळी एक जण येतो आणि विचारतो, "कुठलं गाणं लावू?" आणि त्याला मूल बिनधास्त "नको, जा" म्हणू शकतं! मला तर गाण्यापेक्षा तो नकार मोठा वाटतो.

१९८५ मध्ये लॉलीपॉप ऑस्ट्रेलियात पर्थला पोचला, पुढे न्यूझीलंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका. कार्शल्टनचं ते जुनं आवार मात्र १९९० च्या दशकात बंद झालं, मुलांचे वॉर्ड दुसरीकडे हलले. मग खाटेशेजारी स्क्रीन आले, मग प्रत्येकाच्या हातात फोन. गाणं ऐकायला आता स्टेशन कशाला, हा प्रश्न हॉस्पिटल रेडिओवाल्यांना सतत ऐकावा लागतो. काही स्टेशनं बंद पडली, काही ऑनलाइन गेली. मला विचाराल तर प्रश्नच चुकलाय. स्पॉटिफाय वॉर्डात फेरी मारत नाही.

तर, त्या संध्याकाळी मी मावशीला विचारलं, कुठलं गाणं लावू? आधी म्हणाली, "काही नको." मग पाच मिनिटांनी आशाताईंचं एक भावगीत सांगितलं. एक इअरबड तिच्या कानात, दुसरा (पुसून घेतला हो!) शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या कानात. मग आजींची फर्माईश, अभंग. मग परत मावशी. साडेदहाला सिस्टर आल्या आणि दिवा घालवून गेल्या.