गळाची काठी घेताना

आज आपण गळाच्या काठीविषयी बोलणार आहोत. धरणाच्या फुगवट्याला, तळ्याकाठी, खाडीकाठी राहणाऱ्या बायकांचा प्रश्न साधारण एकच असतो. गटाच्या पैशांतून काठ्या घ्यायच्या, तर दुकानात शेकड्यांतली काठीही असते आणि हजारांतलीही. दिसायला दोन्ही सारख्याच. मग घ्यायची कोणती?

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. जाळं आणि होडी बहुतेक घरांत पुरुषांच्या हातात असते. ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढायची, टोपली घेऊन बाजारात बसायचं, हे काम आपलं. गळाची काठी मात्र अशी वस्तू आहे, की ती एकटीला उचलता येते. तिला होडी लागत नाही, डिझेल लागत नाही आणि कुणाची वाट बघावी लागत नाही. घरचं काम आवरून तासभर काठावर बसलं आणि चार मासे मिळाले, तर त्या दिवसाचं कालवण झालं. म्हणून गटाने साठवलेला पैसा चुकीच्या काठीत अडकू नये.

आधी मासा गळाला कसा लागतो ते बघू, म्हणजे काठीचं काम कळेल. मरळ झडप घालते, ती कुणालाही कळते. पण चिलापी, काळुंदर, लहान शिंगटी हे मासे आमिष हळूच तोंडात घेतात आणि पटलं नाही तर लगेच थुंकतात. हाताला एवढंच कळतं, की काहीतरी ‘टक’ झालं. ते कळलं तर मासा आपला. नाहीतर तो गांडूळ खाऊन जातो आणि आपण रिकामा गळ वर काढतो.

अशा हळू खाणाऱ्या माशांसाठी एक पद्धत फार उपयोगी आहे. आपण बऱ्याचदा वजन वर बांधतो आणि गळ खाली सोडतो. मग आमिष चिखलात रुतून बसतं. या पद्धतीत उलट करायचं. वजन तंगुसाच्या अगदी शेवटी, आणि गळ त्याच्या वर एक वीत ते एक हात अंतरावर. वजन तळाला टेकतं, तंगूस ताठ राहतो आणि आमिष चिखलाच्या वर, माशाच्या तोंडासमोर हलत राहतं. जपान-अमेरिकेतले गळवाले याला ‘ड्रॉप शॉट’ म्हणतात. बास नावाचा तळ्यातला मासा ते अशा रीतीने धरतात. आपल्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात, पण तो वेगळ्या कुळातला. मोठा जिताडा हलक्या काठीने धरायला जाऊ नका, काठी मोडेल.

गाठ अशी मारा. तंगूस दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा. त्या दुहेरी तंगुसाची एक साधी सैल गाठ मारा. पुढे जो फास उरतो, त्यातून अख्खा गळ काढा. आता गाठ पाण्याने ओली करून आवळा. कोरडी आवळली तर तंगूस घासून कमजोर होतो. खालचं टोक हातभर लांब ठेवा. ते गळाच्या टोकाच्या बाजूने पुन्हा एकदा डोळ्यातून खाली काढा, म्हणजे गळ आडवा, टोक वर करून उभा राहतो. शेवटी वजन बांधा.

आता काठीकडे येऊ. या कामाला हवी हाताला कळणारी काठी. माशाचा ठोका तंगुसातून काठीच्या शेंड्याला, शेंड्यातून मुठीला आणि मुठीतून बोटांना पोहोचतो. या वाटेत जिथे जिथे ढिलाई किंवा फुकटचं वजन आहे, तिथे तो ठोका विरतो. म्हणून काठी हलकी हवी, बुंधा ताठ हवा आणि शेंडा बारीक हवा. या तीन गोष्टी असतील तर स्वस्त काठीही चालते. नसतील तर महागडं नाव काय कामाचं?

काठ्या मुख्यतः तीन जातींच्या. एक आपली बांबूची. दुसरी फायबरची. ती दणकट असते, आपटली, पोरांनी खेळायला घेतली तरी सहसा मोडत नाही. पण ती जड असते आणि खूप लवते, त्यामुळे बारीक ठोका तिच्यातच जिरतो. त्यातही भरीव फायबर सगळ्यात जड. तिसरी कार्बनची. हलकी आणि ताठ, म्हणून ठोका सगळ्यात स्पष्ट देते. पण तिला जपावं लागतं. दगडावर आपटून बारीक चीर पडली, तर पुढच्या मोठ्या माशाला ती तिथेच तुटते. स्वस्त काठीवर ‘कार्बन’ लिहिलेलं असलं, तरी आत फायबर मिसळलेलं असू शकतं. मिसळलेली वाईट असते असं नाही, फक्त कार्बनचे पैसे देऊ नका.

काठीवर बुंध्याजवळ बारीक अक्षरं छापलेली असतात, ती वाचून घ्या. पहिली गोष्ट लांबी. काठावरून या पद्धतीला साडेसहा ते सात फूट पुरते. दुसरी गोष्ट ताकद. ‘लाइट’ किंवा ‘मीडियम लाइट’ लिहिलेली घ्या. ‘हेवी’ नको. तिसरी गोष्ट, किती ग्रॅम वजन फेकायला ती बनवली आहे. साधारण ३ ते १० ग्रॅम किंवा ५ ते १५ ग्रॅम असं लिहिलेलं असेल तर आपल्या कामाची. चौथी गोष्ट लवण्याची रीत. ‘फास्ट’ म्हणजे काठी फक्त शेंड्याकडे लवते आणि बाकी ताठ राहते. आपल्याला हीच हवी. ‘मॉडरेट’ म्हणजे ती मधूनच लवते.

छापलेलं वाचलं, तरी हाताने बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदाराला सांगा, “दादा, काठी जोडून, रीळ बसवून दाखवा.” मग या परीक्षा घ्या.

पहिली परीक्षा तोलाची. रीळ बसवलेली काठी मुठीच्या थोडं पुढे एका बोटावर आडवी धरा. शेंडा धपकन खाली गेला तर ती काठी तासाभरात मनगट दुखवेल. दुखऱ्या मनगटाला बारीक ठोका कळत नाही.

दुसरी परीक्षा डोळे मिटून. घरून सायकलचा एक लहान नट न्या. तंगुसाला बांधा आणि दुकानासमोरच्या जमिनीवरून हळूहळू ओढा. फरशीचा सांधा, खडी, माती, यातला फरक मुठीत कळला पाहिजे. दोन काठ्या अशा एकामागून एक ओढून बघा. भाकरीचं पीठ मळताना पाणी कमी झालं की जास्त, ते आपल्याला बघावं लागत नाही, हाताला कळतं. तेच हात इथे वापरायचे आहेत.

तिसरी परीक्षा लवण्याची. तंगूस सगळ्या कड्यांतून ओवून मैत्रिणीच्या हातात द्या आणि तिला हळू ओढायला सांगा. काठीची कमान एकसारखी पडते का, तंगूस मध्येच काठीला घासतो का, ते बघा. शेंडा हातात धरून मात्र कधी वाकवू नका. चांगली काठीसुद्धा अशाने मोडते.

चौथी परीक्षा कापसाची. प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर कडीला चीर आहे. तीच चीर पुढे तंगूस कापते.

पाचवी परीक्षा सांध्याची. एकात एक सरकणारी काठी एसटीत न्यायला सोयीची, पण तिला सांधे जास्त, म्हणून ठोकाही कमी पोहोचतो. दोन तुकड्यांची काठी हा चांगला मध्यम मार्ग आहे. जोडून हलवल्यावर सांधा खटखट वाजता कामा नये.

आता पैसे कुठे घालायचे? आमच्या मते क्रम असा ठेवा. पहिला पैसा तंगूस आणि गळावर, दुसरा काठीवर आणि शेवटचा रिळावर. जुना, पांढरा पडलेला, गुंता झालेला तंगूस असेल तर हजारांची काठीही मुकी होते. नायलॉनचा तंगूस ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा घ्या. जाड तंगूस पाण्यात झोळ खातो आणि ठोका झोळातच राहतो. विणलेली दोरी मिळते, ती ताणली तरी लांबत नाही, म्हणून ठोका लख्ख कळतो. पण ती महाग असते आणि दगडावर लवकर कापते. घेतलीच तर शेवटचे दोन हात नायलॉनचे जोडा. रीळ लहान, हलकं आणि फिरवताना न अडकणारं असलं की पुरे. रिळाने ठोका कळत नाही, म्हणून चकचकीत रिळावर भुलू नका.

आणि मैत्रिणींनो, पहिल्याच दिवशी दुकानात जायलाच हवं असं नाही. काठाजवळच मासा असेल तर बांबूची, बिनरिळाची काठी फार चांगलं काम देते. तंगूस थेट शेंड्याला बांधलेला असतो, मध्ये काही नसतं. चिवा, माणगा किंवा मेस अशा भरीव जातीचा बारीक, सरळ, जून बांबू निवडा. कोवळा नको, वाळल्यावर तो चिरतो. पाऊस संपल्यावर थंडीत तोडा. सावलीत, शेंडा वर बांधून टांगून वाळवा. वाकडा असेल तिथे निखाऱ्यावर शेकून सरळ करा आणि जवसाचं तेल चोळा. सगळ्यांनी महिनाभर यावर हात बसवावा. मग गटाने एक विकतची काठी घ्यावी, आळीपाळीने वापरावी आणि पटली तरच बाकीच्या घ्याव्यात. एकदम दहा काठ्या घेण्याची घाई नको.

काठावर बसल्यावर पहिलं बोट काठीला किंवा तंगुसाला टेकवून ठेवा. वजन तळाला लागलं की तंगूस ताठ करा, पण वजन ओढू नका. शेंडा अगदी हलका थरथरवा आणि थांबा. ‘टक’ झालं, काठी अचानक जड लागली किंवा ताठ तंगूस एकाएकी सैल पडला, तर मनगट वर उचला. हिसका मारू नका. बारीक तोंडाच्या माशाचा ओठ फाटतो.

आता जिवाच्या गोष्टी. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते. विजेच्या तारांखाली उभी काठी धरून जाऊ नका आणि आभाळ गडगडलं की काठी खाली ठेवून घर गाठा. शिशाचा मणी दाताने कधी चावून बसवू नका. शिसं पोटात जातं, ते मुलांना आणि पोटुशीला फार घातक. त्याऐवजी लोखंडी नट बांधा. तो भंगारात मिळतो आणि तळात अडकून तुटला तरी फारसं नुकसान नाही. धरणाखाली नदीपात्रात बसत असाल तर पाणी सोडण्याची वेळ आधी विचारून घ्या आणि एकटीने जाऊ नका.

परवानगीही विचारा. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गावतळं ग्रामपंचायतीकडे असतं. गटाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी होकारावर काठ्या विकत घेऊ नका. पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, त्यांच्या पोटात अंडी असतात. ते सोडून द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तळ्यात मासा राहील. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. त्यात बगळ्याचा पाय अडकतो, शेरडाचाही अडकतो. गुंडाळून घरी आणा.

तर या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. आपल्या पाण्यात कोणते मासे आहेत आणि ते कसे खातात, याची यादी करा. गावात भरीव बांबू कुणाच्या बांधावर आहे ते विचारा. आणि दुकानात जायचं ठरलं तर दोघी-तिघी मिळून जा. सोबत एक नट, थोडा कापूस आणि तंगूस न्या. दुकानदार हसला तर हसू दे. पैसे आपले आहेत आणि काठी आपल्या हातात राहणार आहे.

पुढच्या भागात मासा साफ करणं आणि बर्फाशिवाय बाजारापर्यंत ताजा ठेवणं, यावर बोलू.