संग्रहालयातील पाठ



कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयाला बंगाली माणूस ‘जादुघर’ म्हणतो. उत्तरेकडे अशा वास्तूंना ‘अजायबघर’ हे नाव रूढ आहे. एशियाटिक सोसायटीने १८१४ साली हे संग्रहालय स्थापन केले. तेव्हापासून लोक तेथे विस्मयाने जातात आणि बहुधा विस्मयानेच परततात. शाळांच्या सहलीही याला अपवाद नाहीत. रांगेने एक दालन, मग दुसरे, आणि शेवटी जेवणाचे डबे! यात मुलांचा दोष नाही. काचेपलीकडील वस्तूपुढे थांबावे कसे, हे त्यांच्या शिक्षकालाच कोणी शिकवलेले नसते.

ही उणीव आता अधिक बोचू लागली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण आखले. ते योग्यच होते. परंतु त्यामुळे खरी कवटी कधी न्याहाळलीच नाही, असा पदवीधरही केवळ आकृत्यांच्या बळावर जीवशास्त्राचा शिक्षक होऊ शकतो.

वस्तुतः साधने जवळच आहेत. म्हैसूर, भोपाळ आणि भुवनेश्वर या तिन्ही शहरांत भावी शिक्षक घडविणारी प्रादेशिक शिक्षण संस्था आहे, आणि प्रादेशिक निसर्ग-इतिहास संग्रहालयही आहे. अंतर आहे ते पाठ-टाचणात. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात तक्ता व खडू यांच्याशेजारी ‘संग्रहालय’ असे लिहिले, की प्रशिक्षणार्थ्याला आपले काम झाले असे वाटते.

खरे काम त्याआधीचे असते. प्रशिक्षणार्थ्याने विद्यार्थ्यांना नेण्यापूर्वी एकट्याने तेथे जावे आणि दोनच नमुने निवडावेत. समजा, हरणाची कवटी आणि बिबट्याची. माहितीफलक वाचण्यापूर्वी दोन्हींची रेखाटने करावीत. रेखाटताना हात अडखळतो, आणि अडखळतो तेथेच दृष्टी उघडते. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, हे पुस्तकात वाचून ध्यानात राहत नाही. कागदावर दात काढायला जावे आणि जागा रिकामी सापडावी, म्हणजे राहते. मग हरीण गवत तोडते कशाने? त्याच्या नेत्रखोबणी बाजूंना आणि बिबट्याच्या समोर का? असा एखादा प्रश्न स्वतःला पडला, तरच तो वर्गापुढे मांडण्यात जीव असतो. तीस दालनांची माहिती पाठ करून आलेला शिक्षक मार्गदर्शकाची, तीही दुय्यम प्रतीची, जागा घेतो.

हे नमुने चिरकाल वाट पाहत राहतील असेही नाही. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय १९७८ साली खुले झाले. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे लागलेल्या आगीत त्यातील संग्रह भस्मसात झाला.

म्हैसूरचे संग्रहालय कारंजी तलावाच्या काठी आहे. तेथे सराव-पाठ घेणाऱ्याने मुलांना आधी काचेआडचा पक्षी दाखवावा, त्याची चोच व पाय रेखाटून घ्यावेत, आणि मग वह्या तशाच हाती ठेवून तलावाकडे न्यावे. तेथे चित्रबलाक आणि पेलिकन मासे पकडीत असतात. कोणती चोच कशी चालते, हे सांगण्याची घाई शिक्षकाने करू नये. मुलांना थोडा वेळ उभे राहू द्यावे.