तोंड पाहू नका, काम पाहा

आज आपण एका साध्या गोष्टीवर बोलू. कामाला माणूस ठेवताना आपण काय पाहतो?

समजा, गावच्या डेअरीत वही लिहायला माणूस हवा आहे. दोघे येतात. एक गोरागोमटा, उंचापुरा. दुसऱ्याची बोटं वाकडी. त्याला पूर्वी कुष्ठरोग झाला होता. आता तो बरा आहे. अक्षर स्वच्छ, हिशेब पक्का. तरी आपण म्हणतो, "नको बाबा, लोक काय म्हणतील?" अहो, वही लिहायची आहे की सोयरीक जुळवायची आहे?

कुष्ठरोग औषधाने पुरा बरा होतो. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळतं. रोगाच्या प्रकाराप्रमाणे ते ६ किंवा १२ महिने घ्यावं लागतं. रोग जातो. पण नसा आधीच बिघडल्या असतील, तर बोटं वाकडी राहतात. बोट वाकडं राहिलं, म्हणजे रोग राहिला असं नाही. अंगावरचं पांढरं कोड तर कुणापासून कुणाला लागतच नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटे व साधनाताई आमटे यांनी ते वसवलं. १९५१ साली तिथलं काम सुरू झालं. ज्यांना लोकांनी दूर लोटलं, त्यांनीच तिथे विहिरी खणल्या, माळरानावर शेती पिकवली. पुढे ते माग चालवू लागले. त्यांना बोटांनी अडवलं नव्हतं. लोकांच्या नजरेनं अडवलं होतं.

आता कायदाही पाठीशी आहे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिडने भाजलेले, अंगाने फार ठेंगणे, असे लोकही त्यात येतात. सरकारी नोकरीत दर १०० जागांत निदान ४ जागा दिव्यांगांसाठी राखायच्या असतात. त्यासाठी निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. अन्याय झाला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तुम्ही आता लिहायला शिकलात. शेजाऱ्याला अर्ज लिहून द्या.

पण आपलं दुकान, आपली गिरणी, आपलं शेत? तिथे सरकार रोज येणार नाही. तिथे आपणच न्याय करायचा. काही जण आम्हाला विचारतात, "गिऱ्हाईक बिचकलं तर?" आम्ही सांगतो, पहिले चार दिवस बिचकेल. हिशेब चोख मिळाला की पाचव्या दिवशी त्याच माणसाला हाक मारील.

तेव्हा कुणी काम मागायला आला, तर त्याला आधी काम देऊन पाहा. मग काय ते ठरवा.