पिंजरा, अरण्य आणि आपले उत्तरदायित्व

(जयेंद्रगंज, ग्वाल्हेर येथे मराठी भाषिक नागरिक, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जयेंद्रगंजातून फुलबागेकडे जावयास फार लांब चालावे लागत नाही. लष्करातील मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या सुटीच्या दिवशी मुलांचे बोट धरून ही वाट चालल्या आहेत. फुलबागेच्या विस्तीर्ण आवारात मंदिर आहे, मशीद आहे, गुरुद्वारा आहे. आणि त्याच परिसरात, आज महानगरपालिकेच्या व्यवस्थेखाली असलेले गांधी प्राणिउद्यानही आहे.

ह्या उद्यानात वाघाच्या आवारापुढे एक प्रसंग वरचेवर घडत असतो. आजोबांबरोबर आलेला नातू प्रथम वाघ पाहून हरखून जातो. चित्रातला वाघ प्रत्यक्ष समोर उभा असतो. पण थोड्याच वेळात मुलाच्या ध्यानात येते की, वाघ भिंतीच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, ठरलेल्या जागी वळतो आणि पुन्हा तीच वाट धरतो. मग मूल विचारते, "आजोबा, हा असा सारखा का फिरतोय? ह्याला घरी कधी सोडणार?" आजोबांपाशी उत्तर नसते. ते शेंगदाण्याची पुडी नातवाच्या हाती देतात आणि त्याला हरणांकडे घेऊन जातात.

ह्या अनुत्तरित प्रश्नाचाच आज विचार करावयाचा आहे. प्राणिसंग्रहालय पाहून आनंद होतो आणि त्याच वेळी मनाला कुठेतरी टोचणीही लागते. ह्या दोन्ही भावना खऱ्या आहेत. त्यांपैकी एकीला गप्प बसवून दुसरीचाच जयघोष केल्याने प्रश्न सुटत नाही.

वैभवाचे प्रदर्शन

वन्य पशू बाळगण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. राजेरजवाड्यांच्या पदरी शिकारखाने असत. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. पशू जितका दुर्मिळ, तितकी धन्याची प्रतिष्ठा मोठी, असा तो काळ होता. पुढे नगरांतून सर्वसामान्य जनतेसाठी बागा निघाल्या. मुंबईची भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. ग्वाल्हेरात महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९२२ मध्ये, फुलबागेतील प्राणिसंग्रहाची स्थापना झाली.

राजवाड्यातील पशू सामान्य माणसाला पाहावयास मिळाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मात्र पशूच्या दृष्टीने पाहता धनी बदलला, एवढेच घडले. गजांआडची फरशीची कोठडी तीच राहिली. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गज काढून मध्ये खंदक ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि हळूहळू जगभर तिचे अनुकरण झाले. पाहणाऱ्याला त्यामुळे बरे वाटू लागले. परंतु अनेक चौरस किलोमीटर क्षेत्रात वावरणाऱ्या वाघाला खंदकापलीकडची अर्धा-पाऊण एकर जागा पुरेशी होते काय, हा प्रश्न उरलाच. एकाच वाटेवरच्या न संपणाऱ्या येरझारा हे बंदिस्त जीवनाच्या ताणाचे लक्षण होय, असे प्राणिशास्त्रज्ञ सांगतात. जे शास्त्रज्ञांनी अभ्यासाने जाणले, ते फुलबागेतील मुलाला नुसत्या पाहण्याने कळते.

दार उघडणे पुरेसे आहे काय?

मग पिंजऱ्याचे दार उघडून पशूंना सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल. ह्या विचाराची परीक्षा ग्वाल्हेर संस्थानाच्याच भूमीवर होऊन गेलेली आहे. मध्य भारतातून सिंह नाहीसा झाला होता. तो पुन्हा यावा म्हणून माधवराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतून सिंह आणविले. श्योपूरकडील रानात उंच भिंतींच्या आवारात त्यांना प्रथम ठेवण्यात आले आणि नंतर मोकळे सोडण्यात आले. सिंह गुरांवर पडू लागले, माणसेही बळी गेली, आणि अखेर तो प्रयोग सिंहांच्या नाशात संपला. हेतू उदार होता. परंतु ज्या रानात सोडावयाचे तेथील शिकार, तेथील गावे आणि त्या पशूच्या अंगवळणी पडलेल्या सवयी, ह्या सर्वांचा मेळ बसला नाही.

त्याच श्योपूर जिल्ह्यातील कूनोच्या अरण्यात पुढे गीरचे सिंह आणण्याचे ठरले. त्यासाठी १९९८ नंतरच्या काही वर्षांत २४ गावे उठवून बाहेर वसविण्यात आली. त्यांत सहरिया आदिवासींची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह आणण्याचा आदेश दिला. तथापि सिंह आले नाहीत. तेथे आले ते चित्ते. भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये घोषित झालेला हा प्राणी सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून, ८ संख्येने, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून, १२ संख्येने, कूनोत आणण्यात आला. ऑगस्ट २०२३ पर्यंत त्यांतील ६ प्रौढ चित्ते आणि येथे जन्मलेले ३ बछडे दगावले. पावसाळ्यात मानेवरील पट्ट्याखाली जखमा चिघळू लागल्यावर मोकळे सोडलेले चित्ते पुन्हा कुंपणाच्या आत घेण्यात आले आणि त्यानंतर क्रमाक्रमाने त्यांना बाहेर सोडण्याचे काम नव्याने सुरू झाले.

कोणा एकावर ठपका ठेवण्यासाठी ह्या हकिकती सांगितलेल्या नाहीत. स्वातंत्र्य हे पशूला एका दिवसात बहाल करता येत नाही, एवढाच त्यांचा बोध आहे. अरण्य, भक्ष्य, पाणी आणि शेजारच्या गावाची संमती ह्या चार गोष्टी असतील, तरच उघड्या दाराला अर्थ आहे. ज्यांनी आपली जमीन आणि घरे सोडली, त्या कुटुंबांचा त्यागही ह्या हिशेबात मांडला गेला पाहिजे.

मुदतीचा बंदिवास

आता ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहावी. ग्वाल्हेरहून आग्र्याच्या रस्त्याने निघाले की मुरैनाजवळ देवरी येथे घड्याळ, म्हणजे लांब निमुळत्या जबड्याच्या सुसरी, वाढविण्याचे केंद्र लागते. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ही जात देशातून नष्ट होण्याच्या बेतात होती. १९७५ मध्ये मगर-सुसरींच्या रक्षणाची योजना सुरू झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस चंबळ नदीचा मोठा पट्टा अभयारण्य म्हणून राखण्यात आला. उन्हाळ्यात मादी वाळूत अंडी घालते. त्यांतील काही अंडी उचलून केंद्रात आणतात, तेथे ती उबवितात आणि पिल्ले सुमारे सव्वा मीटर लांबीची होईपर्यंत हौदांत सांभाळतात. नदीत पुराने व शत्रूंमुळे जी पिल्ले बहुतांशी मेली असती, ती येथे तगतात आणि मग चंबळेत सोडली जातात.

हाही बंदिवासच आहे. परंतु त्याला मुदत आहे आणि त्याचा शेवट नदीत आहे. जगातही अशी उदाहरणे आहेत. अरबस्तानातील पांढरा ओरिक्स हा हरणासारखा प्राणी १९७२ च्या सुमारास रानातून संपला होता. संग्रहालयांत राखलेल्या कळपांतून १९८२ मध्ये त्याला ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडता आले. संग्रहालये नसती, तर सोडावयास एकही प्राणी उरला नसता.

तथापि येथेही एक सावधगिरी हवी. हजारो घड्याळ सोडूनही २००७ मध्ये ह्या जातीची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. कारण उघड आहे. नदीतील पाणी अडविले गेले आणि काठची वाळू उपसली गेली, तर हौदात वाढलेल्या पिल्लाने जावयाचे कोठे? रोपवाटिका कितीही उत्तम असली तरी शेताची जागा ती घेऊ शकत नाही.

ह्याउलट उदाहरण पांढऱ्या वाघाचे आहे. १९५१ मध्ये रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी पकडलेल्या 'मोहन' ह्या बछड्यापासून त्याचा वंश वाढविण्यात आला. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. तो केवळ रंगाचा क्वचित आढळणारा भेद आहे. तो टिकविण्यासाठी बापलेकीच्याही जोड्या लावण्यात आल्या आणि त्यातून तिरळेपणासारखे दोष संततीत उतरले. लोकांची गर्दी होते म्हणून प्राणी वाढविणे वेगळे आणि अरण्यास परत देण्यासाठी वाढविणे वेगळे. ह्या दोहोंतील फरक ओळखता आला पाहिजे.

गावाचे गाऱ्हाणे

ग्रामस्थांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक जवळचा आहे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात उसाच्या फडांत बिबटे राहतात आणि तेथेच त्यांची पिल्ले होतात. शेळी गेली, कुत्रे गेले, किंवा दुर्दैवाने माणूस दगावला, की "बिबट्या पकडा आणि घेऊन जा" अशी मागणी होते. आईबापांचे मूल गेलेले असते. त्यांच्या दुःखापुढे कोणताही उपदेश फिका पडतो. पण घेऊन जावयाचे कोठे? २००१ नंतर तेथील अनेक बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्यात आले. पुढील अभ्यासातून असे दिसून आले की, सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी अधिक बिथरतो. जे सोडण्याजोगे नाहीत, असे बिबटे माणिकडोह येथील निवारा केंद्रात ठेवण्यात येतात. म्हणजे गावाच्या एका अर्जाची परिणती पुष्कळदा एका प्राण्याच्या जन्मठेपेत होते.

यास्तव गोठा बंदिस्त करणे, रात्री मुलांना एकटे न पाठविणे, गावाभोवती मेलेली गुरे व उकिरडे न साठू देणे, ही साधी कामेही प्राणिरक्षणाचीच होत. त्यांमुळे माणूस वाचतो आणि बिबट्याही पिंजऱ्याबाहेर राहतो. नुकसानीची भरपाई वेळेवर हाती पडणे हा ह्याच कामाचा दुसरा भाग असून त्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर आहे. भरपाईस विलंब झाला की गावाचा राग प्राण्यावर निघतो, हे विसरून चालणार नाही.

कायदा आणि कर्तव्य

वन्य जीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून आता संग्रहालय चालविता येत नाही. प्राण्याला चिडविणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्रास देणे, आवारात कचरा टाकणे, हे सर्व ह्या कायद्याने निषिद्ध आहे. परंतु दगड मारणाऱ्या प्रत्येक हातामागे शिपाई उभा करता येत नाही. तेथे शिक्षकांचेच काम आहे.

शाळेची सहल प्राणिउद्यानात नेताना गुरुजींनी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे की, प्राण्यांची नुसती नावे पाठ करू नका. हा प्राणी रानात कोठे राहतो, तेथे काय खातो, येथे तो का आला आणि त्याच्या रानाची आज काय स्थिती आहे, हे चार प्रश्न वहीत लिहून आणा. ज्या उद्यानात ह्या प्रश्नांची उत्तरे फलकावर मिळतात, ते उद्यान विद्यालयाच्या योग्यतेचे होय. जेथे ती मिळत नाहीत, तेथील व्यवस्थापकांना ती नम्रपणे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

प्राणिसंग्रहालये एका दिवसात बंद करता येणार नाहीत. तेथे जन्मलेल्या वाघाला रानात सोडणे म्हणजे त्याला उपासमारीकडे किंवा माणसाच्या वस्तीकडे ढकलणे होय. त्याचप्रमाणे ती आहेत तशीच चालू देणेही योग्य नाही. जागा ऐसपैस असावी, प्राणी मोजके असावेत, केवळ गर्दी खेचण्यासाठी नवे प्राणी आणू नयेत. आणि जखमी, अनाथ अथवा नामशेष होत चाललेल्या प्राण्यांस तेथे अग्रहक्क असावा. कोणत्याही संग्रहालयाची किंमत ठरविताना त्याने अरण्यातून किती घेतले आणि अरण्यास काय परत दिले, हा हिशेब प्रथम पाहावा.

फुलबागेतील त्या नातवाला म्हणूनच शेंगदाण्याची पुडी देऊन गप्प करू नये. आजोबांनी त्याला जवळ घ्यावे आणि खरे ते सांगावे: "बाळ, हा वाघ आता घरी जाऊ शकणार नाही. त्याला रानातले जगणे ठाऊकच नाही. पण त्याचे भाऊबंद अजून रानात आहेत, आणि त्यांचे घर राखणे आपल्या हाती आहे." हे ऐकून मुलाच्या मनाची टोचणी जाणार नाही, आणि ती जाऊही नये. ती मनात घेऊन जे मूल मोठे होईल, तेच उद्या शिक्षक, सरपंच वा वनाधिकारी म्हणून ह्या मुक्या प्राण्यांची बाजू मांडील.