बॅटीच्या आतलं लाकूड



टेबल टेनिसचं जागतिक अजिंक्यपद पहिल्यांदा आशियात आलं ते आपल्या मुंबईत, फेब्रुवारी १९५२मध्ये. त्या स्पर्धेत हिरोजी सातो नावाचा एक चष्मा लावणारा जपानी खेळाडू आला होता. जगात त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बॅटीवर नेहमीचं दाणेदार रबर नव्हतं. लाकडी फळीवर त्यानं जाड स्पंज चिकटवला होता. त्या काळचे खेळाडू निम्मा खेळ कानांनी खेळत. समोरच्याच्या बॅटीवर चेंडू आपटला की होणाऱ्या आवाजावरून फटका किती जोराचा, किती फिरकीचा, हे त्यांना कळे. सातोच्या बॅटीतून आवाज जवळजवळ येतच नसे, आणि चेंडू स्पंजात रुतून अनपेक्षित वेगानं परत येई. अमेरिकेचा मार्टी राइसमन त्या स्पर्धेत मोठ्या अपेक्षेनं उतरला होता. तो सातोकडून हरला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो आशियातला पहिला पुरुष जगज्जेता झाला.

मुंबईतल्या त्या आठवड्यानंतर बॅटीबद्दल सुरू झालेला वाद थांबला तो १९५९मध्ये. आंतरराष्ट्रीय महासंघानं ठरवून दिलं की नुसता स्पंज चालणार नाही. त्यावर दाण्यांचं रबर हवं आणि स्पंज, रबर, गोंद मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. हा नियम आजही तसाच आहे. पण एक गोष्ट तेव्हापासून झाली. बॅट म्हटलं की सगळं बोलणं रबराचं सुरू झालं. दुकानात पालक विचारतात ते रबर कोणतं. प्रशिक्षक बदलायला सांगतात तेही रबर. मधलं लाकूड कुणी विचारात घेत नाही, आणि मला आज बोलायचं आहे ते त्याच लाकडाबद्दल.

नियमपुस्तक उघडून बघा. रबर महासंघाच्या मान्यताप्राप्त यादीतलंच लागतं. लाकडी फळीला, म्हणजे खेळाडू जिला ब्लेड म्हणतात तिला, अशी यादी नाही. आकार कोणताही, वजन कितीही. ती सपाट आणि ताठ हवी, जाडी सगळीकडे सारखी हवी, आणि त्या जाडीतलं किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवं. थरांमधल्या गोंदाला कार्बनसारख्या तंतूंचं बळ देता येतं, मात्र असा एक थर एकूण जाडीच्या साडेसात टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड नको. बस्स. एखाद्या गावातल्या सुतारानं नीट केलेली फळी आणि जपानातल्या कारखान्यातली महागडी फळी या दोन्ही नियमासमोर सारख्याच. खेळाच्या साहित्यात इतकी मोकळीक क्वचितच सापडते, आणि आपण ती वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग चांगली फळी म्हणजे कोणती? वेगवान फळी, असं उत्तर चटकन येतं आणि मला ते पटत नाही. वेग हवा असेल तर तो रबरातून आणि स्पंजाच्या जाडीतून मिळवता येतो. चेंडू बॅटीला टेकून असतो तो साधारण एक हजारांश सेकंद. एवढ्या वेळात हाताला काहीही दुरुस्त करता येत नाही. बोटांना जे कळतं ते चेंडू निघून गेल्यावर. म्हणून लाकडाचं पहिलं काम म्हणजे सारख्या फटक्याला सारखं उत्तर देणं: मध्यभागी लागला तरी, दोन बोटं बाजूला लागला तरी, सकाळी आणि संध्याकाळी. दुसरं काम, चेंडू कुठे आणि कसा लागला हे मुठीपर्यंत पोचवणं, म्हणजे पुढचा फटका सुधारता येतो. ज्या फळीत ही दोन्ही आहेत ती जरा संथ असली तरी मी तिला चांगली म्हणेन. विशेषतः शिकणाऱ्या मुलाच्या हातात.

आता फळीच्या आत जाऊ. सर्वसाधारण फळी पाच थरांची असते. मधे जाड गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ थर, आणि वर दोन बाहेरचे थर. बाहेरच्या थराचे तंतू मुठीच्या दिशेनं लांबीला, त्याखालच्या थराचे आडवे, गाभ्याचे पुन्हा लांबीला. लाकूड तंतूंच्या दिशेनं जितकं ताठ असतं, त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शानंच ते आडव्या दिशेनं ताठ असतं. आडवा थर घातला नाही तर फळी रुंदीला लुळी पडेल आणि तंतूंच्या बाजूनं चिरेल. थरांची संख्या विषम ठेवायची ती दोन्ही बाजू समतोल राहाव्यात म्हणून. सम ठेवली की फळी वाकते.

समजा एकूण जाडी ५.८ मिलिमीटर आहे. बाहेरचे दोन थर प्रत्येकी ०.६, त्याखालचे दोन प्रत्येकी ०.६, आणि गाभा ३.४. ताठपणा जाडीच्या घनानुसार वाढतो हे आपण शाळेत नाही तरी तंत्रनिकेतनात शिकतो. सगळं लाकूड एकाच जातीचं आणि एकाच दिशेचं धरलं, तरी हिशेब असा निघतो: बाहेरचे दोन थर जाडीच्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत, पण वाकण्याला होणाऱ्या विरोधातला निम्मा वाटा त्यांचा. गाभा जाडीच्या निम्म्याहून अधिक, आणि त्याचा वाटा सुमारे वीस टक्के. प्रत्यक्षात बाहेरचं लाकूड गाभ्याहून कणखर असतं आणि मधला थर आडवा असतो, त्यामुळे लांबीच्या दिशेनं बाहेरच्या थरांचा वाटा तीन-चतुर्थांशाच्याही वर जातो.

हा आकडा मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे, कारण फळी घडवण्याची सगळी कला त्यात आहे. गाभा वजन ठरवतो, बाहेरचा अर्धा मिलिमीटर स्वभाव ठरवतो. आणि एकूण जाडी ५.८ची ६.४ केली, म्हणजे ०.६ मिलिमीटर वाढवली, तर ताठपणा एक-तृतीयांशानं वाढतो. बाजारात ‘ऑल-राउंड’ आणि ‘ऑफेन्सिव्ह’ अशा दोन नावांनी विकल्या जाणाऱ्या फळ्यांमध्ये कित्येकदा एवढाच फरक असतो. कार्बनचंही तेच गणित. तोच धागा बाहेरच्या थराच्या लगेच खाली घातला तर फळी कडक आणि तडफदार होते. गाभ्याला चिकटून घातला तर तिचा स्पर्श लाकडासारखाच राहतो. धागा तोच, जागा बदलली.

लाकडं कोणती? युरोपीय धाटणीच्या फळ्यांचा गाभा बहुतेक वेळा आयूसचा असतो. हे पश्चिम आफ्रिकेतलं झाड, घनता पाण्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, पोत एकसारखा, गाठी कमी. बाहेरच्या थराला लिंबा किंवा कोटो, तीही आफ्रिकेतलीच. लिंबा मऊसर स्पर्शाचा, पण रबर उपटताना त्याच्या काड्या निघतात. कोटो अधिक कठीण आणि गुळगुळीत. जपानी वळणाच्या फळ्यांत गाभ्याला किरी वापरतात, म्हणजे पावलोनिया, आयूसहूनही हलकी. आणि हिनोकी हे तर वेगळंच प्रकरण आहे. जपानचा हा सायप्रस फार सावकाश वाढतो, त्याची वर्षवलयं दाट असतात. इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात ते याच लाकडात. जपानी पेनहोल्ड, म्हणजे पेनासारखी धरायची बॅट परंपरेनं हिनोकीच्या एकाच फळीतून कापतात, नऊ-दहा मिलिमीटर जाड, थर नाहीत, गोंद नाही. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यू सुंग-मिननं एकेरीचं सुवर्णपदक जिंकलं ते याच धाटणीच्या बॅटीनं.

लिंबा या झाडाचं शास्त्रीय नाव बघितलं तेव्हा मला फार आनंद झाला. तो टर्मिनेलिया आहे. आपला ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा, बेहडा हे सगळे त्याचे भाऊबंद. याचा अर्थ ऐनाची फळी लिंबासारखी लागेल असा मुळीच नाही. ऐन कितीतरी जड आणि कठीण आहे. पण सह्याद्रीत उभ्या असलेल्या झाडांकडे या नजरेनं बघायला काय हरकत आहे? गाभ्यासाठी माझी पहिली पसंती शिवणीला. हलकी, वाळल्यावर फारशी न वाकणारी, रंध्याखाली गोड चालणारी; वाद्यं करणारे कारागीर तिला ओळखतात. उत्तरेकडे यमुनानगरच्या प्लायवुड कारखान्यांत पॉप्लर लागतो, तोही गाभ्याला चालण्याजोगा. सावर मात्र फार हलकी आणि मऊ. तिला कीड आणि बुरशीही लवकर लागते. बाहेरच्या थराला सागाचं व्हिनीअर सहज मिळतं, पण सागाच्या अंगात तेलकटपणा असतो आणि गोंद नीट धरत नाही. तो वापरायचाच तर चिकटवण्याच्या थोडंच आधी पृष्ठभाग ताज्या पॉलिश पेपरानं घासून घ्यावा.

घडवण्याची रीत फार गूढ नाही. गाभ्याची फळी अशी निवडायची की तिच्या टोकाला बघितल्यावर वलयांच्या रेघा उभ्या दिसतील. आडव्या रेघांची फळी हवा बदलली की खोलगट होते. थर चिकटवताना गोंद पातळ आणि सगळीकडे सारखा. पांढरा गोंद पाण्याचा असतो, तो पातळ व्हिनीअरला भिजवून फुगवतो. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी चिकटवायच्या आणि दोन जाड सपाट पाटांमध्ये शिकंज्यांनी आवळून ठेवायच्या. जुन्या सुतारांचा सरस वाळल्यावर छान कडक होतो आणि फळीला खणखणीत बोल देतो, पण दमट हवेत तो नरम पडतो; कोकणात मी तो सुचवणार नाही. तिथे इपॉक्सी बरं, त्यात पाणी नसतं. शिकंजे काढल्यावर लगेच कापायला बसू नये. लाकडात शिरलेलं पाणी बाहेर पडायला दिवस लागतात. मग साधारण १५७ बाय १५० मिलिमीटरचं पान कापायचं आणि मुठीचे दोन तुकडे चिकटवायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरचा थर सुरुवातीला हवा त्याहून किंचित जाड ठेवावा. फळी मुठीच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरून चेंडू तिच्यावर पाडावा आणि आवाज ऐकावा. ताठ आणि हलकी फळी उंच स्वरात बोलते, लवचिक फळी खाली. हल्ली मोबाइलवर तो स्वर हर्ट्झमध्ये मोजता येतो. बहुतेक फळ्या हजार ते दीड हजारांच्या आसपास सापडतात. मग दोन्ही बाजूंनी सारखं, अगदी थोडं घासायचं, पुन्हा ऐकायचं, वजन करायचं, वहीत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लाकूड बदललं तर जाडी तीच, जाडी बदलली तर गोंद तोच. खेळणाऱ्याच्या हातात फळी द्यायची ती त्याला आकडे न सांगता. आकडा आधी कळला की हात तसंच वाटून घेतो.

हवेबद्दल सांगितलं नाही तर व्याख्यान अपुरं राहील. लाकूड भोवतालच्या हवेशी पाण्याची देवघेव सतत करत असतं. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर त्यात सुमारे १२ टक्के पाणी असतं. जुलैतल्या मुंबईत ते १८च्याही पुढे जाऊ शकतं आणि मे महिन्यातल्या नागपुरात पाचाच्या आसपास उतरतं. ८५ ग्रॅमची फळी पावसाळ्यात तीन-चार ग्रॅमनं सहज जड होते, आणि ओलं लाकूड कमी ताठही असतं. म्हणजे पावसाळी शिबिरात मुलगा ‘बॅट मेल्यासारखी वाटते’ म्हणतो तेव्हा तो खरं सांगत असतो. पानाच्या दोन्ही तोंडांना आणि विशेषतः कडेला पातळ वॉर्निशचा हात दिला तर ही देवघेव मंदावते. कडेला विशेषतः, कारण तिथे तंतूंची उघडी टोकं असतात आणि पाणी तिथून सगळ्यात वेगानं शिरतं. वॉर्निश जाड मात्र नको. जाड थर म्हणजे आणखी एक कडक थरच.

माझी विनंती आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकामाच्या विभागांना आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आहे. प्रौढांसाठी फळी करायला घेऊ नका, त्या बाजारात पुष्कळ आहेत. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी करा. मोठ्यांच्या फळीला दोन्ही रबरं लावली की बॅट १८० ग्रॅमच्या आसपास जाते. लहान मनगटाला ती पेलत नाही. मग मूल मनगटाऐवजी खांद्यातून फटका मारायला शिकतं आणि तो खांदा पुढे कित्येक वर्षं सुटत नाही. मूठ इतकी जाड असते की त्याची बोटं पुरती मिटतही नाहीत. शिवणीचा गाभा, पाच थर, एकूण जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आत, फळीचं वजन ७० ते ७५ ग्रॅम, मूठ बारीक आणि तिच्या आत थोडी पोकळी, वर पातळ स्पंजाचं साधं मान्यताप्राप्त रबर. पोकळी जपून करा. फार केली तर तोल पानाकडे जातो आणि वाचवलेल्या वजनाचा फायदा निघून जातो. मुठीचं माप घेताना मुलाला बॅट धरायला लावा आणि त्याची करंगळी कुठे टेकते ते पेन्सिलीनं आखून घ्या.